निकाल लागेपर्यंतचे दिवस

१९०९ साली आयर्लंडमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जायचा : मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? ती रात्र ६ जानेवारी १८३९ ची. अटलांटिकवरून आलेल्या वादळानं त्या रात्री देशभर छपरं उडवली, झाडं मुळासकट आडवी केली आणि ज्यांनी ते पाहिलं ते जन्मभर त्याबद्दल बोलत राहिले. सत्तर वर्षांनी त्या आठवणीला एकाएकी सरकारदरबारी किंमत आली. ब्रिटिश संसदेनं १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला होता आणि आयर्लंड तेव्हा त्याच राज्यात होतं. १ जानेवारी १९०९ पासून टपाल कचेरीच्या खिडकीवर आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळणार होते. अट अशी, की वयाची सत्तरी पूर्ण झालेली हवी.

आता सत्तरी पूर्ण झाली हे दाखवायचं कशानं? आयर्लंडमध्ये सरसकट सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद ठेवायला सुरुवात झाली १८६४ मध्ये. म्हणजे ज्याच्याकडे सरकारी जन्मदाखला होता त्याचं वय फार तर पंचेचाळीस, आणि जो खरोखरच सत्तरीचा होता त्याच्याकडे तो असणं शक्यच नव्हतं. मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे कागद धुंडाळले जाऊ लागले. आईबापाचं नाव, गावाचं नाव लिहून अर्ज करायचा, कारकून जुन्या याद्यांत ते घर शोधणार, त्या घरात दोन वर्षांचा मुलगा म्हणून आपलं नाव सापडलं की सुटलो. नाहीच सापडलं तर वादळ होतंच. ज्याला ती रात्र आठवते तो सत्तरच्या पुढचाच असणार, हा हिशेब स्थानिक पेन्शन समित्यांनी मान्य करायला सुरुवात केली. साहजिकच वादळ आठवणारे भराभर वाढले. साठीतल्या माणसांनाही ते लख्ख आठवायला लागलं. अबकारी खात्यातून आलेला पेन्शन अधिकारी वैतागायचा, हरकत घ्यायचा, वरच्या बोर्डाकडे अपील करायचा. समितीतली माणसं गावातलीच, त्यांना समोरच्या माणसाची कंबर किती वाकलीय हे दिसत होतं.

(जनगणनेचे ते कागद १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या अभिलेखागारासोबत बहुतेक सगळे जळाले. पेन्शनसाठी केलेले शोध-अर्ज मात्र बरेच उरले. त्यामुळे आज आपल्या पणजोबांचं घर शोधणाऱ्या आयरिश माणसाला कधीकधी त्या घराचा पत्ता लागतो तो कुणा म्हातारीनं पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जात.)

या गोष्टीत लबाडी होती, ती झाकायचं कारण नाही. पण मला ती वारंवार आठवते ती दुसऱ्याच कारणानं. सरकारनं असा पुरावा मागितला जो सरकारनंच कधी तयार केलेला नव्हता. इथवर काही नवल नाही, हे सगळीकडे चालतं. नवल पुढं आहे. पुरावा नाही म्हणून समित्यांनी माणसाला परत पाठवलं नाही, दुसरा पुरावा चालवून घेतला. संशयाचं ओझं थोडं आपल्या खांद्यावर घेतलं. गरजूंच्या मदतीचे जेवढे कायदे, नियम, परिपत्रकं मी वाचली, त्यांत शेवटी एवढंच बघायची मला सवय लागलीय : शंका आली, तर त्या शंकेचा खर्च कुणी सोसायचा?

ओळखीपाळखीत मी कागद वाचणारी म्हणून माहीत आहे. पेन्शन नाकारल्याचं, अनुदान बंद झाल्याचं, अपंगत्वाची टक्केवारी कमी धरल्याचं पत्र आलं की कुणीतरी कुणालातरी माझं नाव सांगतं. मी वकील नाही. मला पत्र वाचता येतं आणि उत्तर लिहिता येतं, आणि या कामात बऱ्याचदा तेवढंच लागतं.

ती पत्रं सगळी एका वळणाची असतात. वर लांबलचक जावक क्रमांक. मग ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’. मग एका वाक्यात निकाल : विहित निकषांची पूर्तता होत नसल्यानं अर्ज अमान्य करण्यात येत आहे. कोणता निकष, किती कमी पडला, कोणत्या कागदावरून ठरवलं, याचा बहुधा पत्ता नसतो. अगदी खाली, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या निर्णयाविरुद्ध अमुक दिवसांत अपील करता येईल. माणसं ते वाचतच नाहीत. अमान्य हा शब्द वाचून त्यांची नजर तिथंच थांबलेली असते.

मी पहिल्यांदा पाकीट मागते. लोक चक्रावतात. पत्र हातात असताना पाकीट कशाला? कारण पत्रावरची तारीख एक असते आणि टपालाचा शिक्का कितीतरी दिवसांनंतरचा असतो. मुदत पत्राच्या तारखेपासून धरली तर ती संपून गेलेली, आणि पत्र मिळाल्यापासून धरली तर अजून हातात. बहुतेक ठिकाणी मिळाल्यापासून धरतात, पण कधी मिळालं हे सांगायची जबाबदारी आपली. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यानं यावर तोडगा म्हणून पत्राच्या तारखेपुढे पाच दिवस टपालाचे गृहीत धरले आहेत, उशिरा मिळालं असेल तर ते तुम्ही दाखवा. पाकीट बहुतेकांनी टाकून दिलेलं असतं. एखादी बाई असते जिनं ते जपून ठेवलेलं असतं, त्यावर मागच्या बाजूला हिशेब मांडलेला असतो, आणि त्या हिशेबाखाली तो शिक्का अर्धवट पण वाचण्याजोगा उमटलेला असतो. अशा वेळी मला अगदी घबाड मिळाल्यासारखं होतं.

दुसरं मी विचारते ते चौकशीत काय काय बोलणं झालं ते. इथं खरी मजा असते, मजा म्हणजे वाईट अर्थानं. एका गृहस्थांना तपासणीत विचारलं होतं, ‘जिना चढता येतो का?’ त्यांनी सांगितलं, ‘येतो की.’ अहवालात लिहिलं गेलं : जिना चढू शकतात. मी विचारलं, ‘कसा चढता?’ तर म्हणाले, कठड्याला धरून चार पायऱ्या, मग थांबायचं, दम खायचा, परत चार. वर पोचलं की अर्धा तास पडून राहावं लागतं. ‘मग हे सांगितलं का नाहीत?’ ते माझ्याकडे असे बघत राहिले की जसं काही मी त्यांना परक्या माणसासमोर कपडे काढायला सांगितलंय. आयुष्यभर ज्यानं कुणाला आपलं रडगाणं ऐकवलं नाही, त्याला या पद्धतीत पहिला फटका बसतो. जो लाजत नाही त्याचा अर्ज चांगला होतो. यात कुणाचाच दुष्टपणा नाही. प्रश्नच असा आहे, की ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये जागाच ठेवलेली नाही. त्यामुळे मी उत्तर लिहिताना ‘येतं का’ हा प्रश्न सोडून देते आणि ‘किती वेळात, कुणाच्या आधारानं, नंतर काय होतं, आणि आठवड्यातून किती वेळा जमतं’ हे लिहायला लावते. लिहिताना माणसं गप्प होतात. आपलंच जगणं त्यांनी कधी असं मोजलेलं नसतं.

पात्रता हे प्रकरण मुळात मोजमापाचं, पण त्यात चालचलणूक घुसली ती पहिल्यापासूनच. न्यूझीलंडनं १८९८ मध्ये पेन्शनचा कायदा केला : पासष्टीच्या पुढच्या गरिबांना वर्षाला १८ पौंड. त्याचं जगभर कौतुक झालं. पण अर्जदारानं सचोटीनं आणि निर्व्यसनी आयुष्य घालवलेलं असावं अशी त्यात अट होती, आणि हे सगळं मॅजिस्ट्रेटसमोर, उघड्या न्यायालयात सिद्ध करायचं होतं. आशियाई लोकांना कायद्यानंच वगळलं होतं. माओरींना वगळलेलं नव्हतं, मात्र त्यांच्याकडे जन्माची नोंद नव्हती आणि समाजाच्या सामायिक जमिनीतला वाटा त्यांच्या नावे मालमत्ता म्हणून धरला जायचा. कागदावर हक्क आणि हातात शून्य, ही तऱ्हा तेव्हापासूनची. ब्रिटनच्या १९०८ च्या कायद्यानंही ज्यानं आळसामुळे काम टाळलं असेल त्याला, तुरुंगात जाऊन आलेल्याला आणि नुकतीच गरिबांसाठीची सरकारी मदत घेतलेल्याला बाहेर ठेवलं. म्हणजे सगळ्यांत गरीब तोच बाहेर. शेवटची अट लवकरच गेली, पण कल्पना मुरलेली राहिली. अमेरिकेत अलाबामा राज्यात तर १९६८ पर्यंत असा नियम होता, की मुलांच्या आईकडे एखादा पुरुष येत-जात असेल तर तोच मुलांचा बाप समजायचा आणि मुलांची मदत बंद करायची. तो माणूस त्या मुलांना एक पैसा देतो की नाही हे कुणी विचारायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. आज अशी भाषा कुठल्याच अर्जावर नसते. पण घरात कोण कोण राहतं, कुणाशी संबंध आहेत, मुलगा सांभाळतो का, या रकान्यांतून तोच वास येतो.

रेषेबद्दल माझी तक्रार नाही. कुठंतरी रेषा ओढावीच लागते, आणि जिथं ओढाल तिथं तिच्या पलीकडे कुणीतरी एका दिवसानं, एका रुपयानं राहणारच. बिस्मार्कच्या जर्मनीनं १८८९ च्या कायद्यात वय ७० धरलं, १९१६ मध्ये ते ६५ वर आणलं. सत्तर तरी का, आणि पासष्ट तरी का, याला पैशापलीकडे उत्तर नाही. भारतात सरकारनं १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचं सुधारित सूत्र लागू केलं, ते ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना. आदल्या दिवशी निवृत्त झालेला तेवढीच वर्षं राबलेला, पण त्याला जुनं सूत्र. डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ रोजी हा भेद रद्द केला आणि निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही हे ठासून सांगितलं. पेन्शनर मंडळी आजही तो दिवस पाळतात. पण असे निकाल विरळा. एरवी रेषा राहते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत रेषेवर भांडणारे फारच थोडे असतात. बाकीचे रेषेच्या आतलेच असतात. त्यांचं फक्त कुणी खरं मानलेलं नसतं.

आणि इथं येतो प्रतीक्षेचा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोठा वाटतो.

१९६० च्या दशकाअखेरीस न्यूयॉर्क शहरात जॉन केली नावाचा एक बेघर माणूस होता. अपघातानंतर काम करण्याजोगा राहिलेला नव्हता, सरकारी मदतीवर जगत होता. मदत बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं त्याला एका ठरावीक हॉटेलात जाऊन राहायला सांगितलं. तिथं व्यसनी लोकांचा वावर होता म्हणून तो राहिला नाही. मदत बंद. त्याला अपील करता येत नव्हतं का? येत होतं. रीतसर सुनावणीची सोय होती, पण मदत बंद झाल्यावर. गोल्डबर्ग विरुद्ध केली या नावानं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ मार्च १९७० रोजी निकाल लागला : ज्याच्या पोटाचा आधार काढून घ्यायचाय त्याचं म्हणणं आधी ऐका, मग बंद करा. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा गाभा असा, की ज्याला आज जगायलाच पैसे नाहीत तो सुनावणीची तयारी कशाच्या जोरावर करणार? त्याचा सगळा दिवस खायचं कुठून आणायचं यातच जाणार. लेखी म्हणणं द्या एवढं पुरत नाही, कारण यांतल्या कित्येकांना आपलं म्हणणं कागदावर उतरवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हा भाग मी जेव्हा वाचला तेव्हा जिन्यावाले गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे आले.

विरोधी मत न्यायमूर्ती ब्लॅक यांचं होतं, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. त्यांचं म्हणणं असं, की बंद करणं इतकं अवघड झालं तर सरकार सुरू करतानाच दहादा विचार करील. खऱ्या गरजूला दारातच अडवलं जाईल. मी ज्या रांगा पाहिल्या आहेत, त्या पाहून हे अगदीच चूक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सहाच वर्षांत त्या न्यायालयानं पाऊल मागं घेतलं. जॉर्ज एल्ड्रिज याचं अपंगत्वाचं अनुदान १९७२ मध्ये थांबवलं गेलं. तुमची प्रकृती सुधारली, असं खात्याचं म्हणणं. १९७६ च्या निकालात बहुमतानं ठरवलं, की इथं आधी सुनावणी लागत नाही : हे अनुदान गरिबी बघून दिलेलं नसतं, माणसाकडे दुसरा आधार असू शकतो, आणि निर्णय डॉक्टरांच्या अहवालांवर होतो, तिथं चूक व्हायचा संभव कमी. तर्क म्हणून वाचायला नीटनेटकं आहे. निकालाशी असहमत असलेल्या ब्रेनन यांनी दोनचार ओळींत काय लिहिलंय पाहा : अनुदान थांबल्यामुळे एल्ड्रिजच्या घरावर जप्ती आली, घरातलं सामान उचलून नेलं आणि तो, त्याची बायको, मुलं एका पलंगावर झोपत होती. दुसरा आधार असू शकतो, हे वाक्य ज्या माणसाबद्दल लिहिलं गेलं त्याच्या घरातली ही स्थिती.

तेव्हापासून बहुतेक व्यवस्थांत एक मधला मार्ग दिसतो. अमेरिकेत प्रकृती सुधारली म्हणून अपंगत्वाचं अनुदान बंद होत असेल तर अपिलाला ६० दिवस मिळतात, पण अपील चालू असेपर्यंत पैसे सुरू ठेवायचे असतील तर १० दिवसांत तसं मागावं लागतं. एकाच पत्रात दोन मुदती. ज्याला साठ दिवस दिसले तो निवांत बसला तर अकराव्या दिवशी त्याचं अर्धं अपील संपलेलं असतं. शिवाय हरलात तर मधल्या काळात घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. म्हणजे आपली बाजू खरी आहे याची खात्री जितकी कमी, तितकं माणूस आधीच माघार घेणार. गरीब माणसाला स्वतःची बाजू खरी असल्याची खात्री कुणी कधी दिलेली असते?

माझे एक स्नेही अशाच एका कचेरीत जन्मभर टेबलावर बसून निवृत्त झाले. त्यांच्याशी माझा यावर कायमचा वाद आहे. ते म्हणतात, ‘तुम्हाला खोटे अर्ज दिसत नाहीत, आम्हाला दिसायचे.’ ते खरंच आहे. २०१० मध्ये टोकियोत शहरातला सर्वांत वृद्ध पुरुष म्हणून नोंद असलेल्या गृहस्थांचा शोध घेतला तेव्हा घरात त्यांचा सांगाडा मिळाला. मृत्यू तीसेक वर्षांपूर्वीच झालेला, आणि घरचे लोक पेन्शनचे पैसे घेत होते. मग जपाननं आपल्या कुटुंबनोंदी तपासल्या, तर शंभरी उलटलेले पण ठावठिकाणा नसलेले दोन लाखांहून जास्त लोक कागदोपत्री जिवंत निघाले. त्यांतल्या बहुतेकांच्या नावे पैसे जात नव्हते, नोंदी नुसत्या जुन्या पडून होत्या. पण बातमी एवढीच लोकांच्या लक्षात राहते, की मेलेली माणसं पेन्शन खातात. आणि मग दरवर्षी सगळ्या जिवंत माणसांनी हजर होऊन आपण जिवंत आहोत हे सांगायचं. कामानं बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईनं यंत्रावर अंगठा ठेवायचा, पुसायचा, परत ठेवायचा.

या स्नेह्यांनीच मला एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा मला जास्त समजावून गेली. ते म्हणाले, ‘चुकून कुणाला दिलं तर हिशेब तपासणीत ते नाव निघतं. माझ्या सेवापुस्तकात लाल शेरा येतो, वसुली माझ्या पगारातून होऊ शकते. चुकून कुणाला नाकारलं तर? कुठल्या तपासणीत ते नाव येणार? नाकारलेल्याची फाईल बंदच झालेली असते.’ ते वाईट माणूस नव्हते. अनेकांची कामं त्यांनी नियम वाकवून केली आहेत. पण तेही शंका आली की ‘नाही’ म्हणत आले, कारण ‘नाही’ची किंमत त्यांना कधीच मोजावी लागली नाही. या उलट्या तराजूत अपील हे एकच पारडं असं आहे, की जे नकारालाही थोडं वजन देतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षेच्या किमान मानकांच्या करारात प्रत्येक दावेदाराला अपिलाचा हक्क स्वतंत्र कलमात दिलाय तो उगाच नाही.

मात्र अपिलावर फार भरवसा ठेवावा असंही गेल्या दहा-पंधरा वर्षांत राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर, जादा दिली गेली असं धरून सरकारी मदतीची एक स्वयंचलित वसुली चालवली गेली. वर्षभराची कमाई २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची आणि ज्या पंधरवड्यात मदत घेतली तिथंही कमाई होती असं धरायचं. म्हणजे तीन महिने नोकरी करून मग बेकार झालेल्या माणसानं बेकारीतही कमावलं असं यंत्र म्हणणार, आणि नाही कमावलं हे त्यानं जुन्या पगारपावत्या आणून दाखवायचं. टेरी कार्नी नावाच्या न्यायाधिकरणाच्या सदस्यानं २०१७ मध्येच निकाल दिला, की हा हिशेब कायद्यात बसत नाही. खात्यानं त्या निकालावर वर अपील केलं नाही, आणि खालच्या पायरीवरचे निकाल प्रसिद्ध होत नसत. त्यामुळे जिंकलेला माणूस एकटा जिंकला आणि बाकीच्यांना नोटिसा जातच राहिल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात फेडरल कोर्टात खात्याला माघार घ्यावी लागली, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. नेदरलँड्समध्ये तर मुलांच्या संगोपनासाठीच्या अनुदानात एखादी छोटी त्रुटी निघाली की सगळ्याच रकमेची वसुली व्हायची, आणि अनेक पालक अपिलात गेले तरी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय कित्येक वर्षं खात्याचीच री ओढत राहिलं. १५ जानेवारी २०२१ ला तिथल्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. तोवर घरं गेली होती, संसार मोडले होते.

तरीही अपील करा, असंच मी सांगते. कारण साधं आहे : वरच्या पायरीवर बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी माणसाला समोर बसवून विचारतं. ब्रिटनमध्ये अपंगत्वाच्या अनुदानाच्या प्रकरणांत सुनावणीपर्यंत पोचलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून जास्त निकाल गेली कैक वर्षं अर्जदाराच्या बाजूनं लागत आले आहेत. नवी माहिती म्हणून तिथं फारसं काही नसतं, तीच माणसं तेच सांगतात, फक्त ऐकणारा बदललेला असतो. २०१३ पासून तिथं सुनावणीआधी खात्याकडेच फेरविचाराचा अर्ज करणं सक्तीचं केलं. एक पायरी वाढली आणि वर जाणारे कमी झाले. पायरी वाढवली की दमलेला माणूस घरी जातो, हे अर्थखात्यातल्या लोकांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

परवा एक बाई आल्या होत्या. नवरा गेल्यानंतर सुरू झालेलं अनुदान थांबवल्याचं पत्र. कारण, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. मुलाच्या खात्यातून एकदा मोठी रक्कम आली होती, ती दवाखान्याची, आली तशी गेली. बिलं होती. अपील लिहायला तासभर लागला. मग मी म्हटलं, ‘याच्याबरोबर आणखी एक अर्ज जोडू या, निकाल लागेपर्यंत अनुदान चालू ठेवावं म्हणून. स्थगिती मागायची.’

‘आणि हरले तर?’

‘तर कदाचित परत मागतील.’

त्यांनी बिलं परत एकदा चाळली, तारखा बोटावर मोजल्या. ‘महिने किती लागतील निकालाला?’ मी सांगितलं, सांगता येत नाही, वर्षही लागेल. ‘मग लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘वर्षभर काही न खाता जिंकून काय करू?’

मी तेच वाक्य थोडं सरकारी करून अर्जात घातलं.